नशेत अडकलेलं पोर कादंबरीत कसं आलं

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेने सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत छापा घातला आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे नशेचं रसायन, बनवणारा कारखाना उघडकीस आला. तोवर आमच्याकडे पोरांचं व्यसन म्हणजे मावा, गुटखा, फार तर स्टेशनच्या आसपास रुमालावर पंक्चरचं सोल्युशन ओतून हुंगणारी मुलं. छाप्यानंतर दोन-तीन शिक्षकांनी मला विचारलं, नववी-दहावीच्या मुलांना वाचायला द्यावी अशी याच्यावर एखादी कादंबरी आहे का? त्या शोधातून हे टिपण झालं.

मराठीत व्यसन म्हटलं की आधी आठवतो गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला सुधाकर वकील आहे, संसारी आहे. पुढेही बराच काळ आपल्या साहित्यातला दारुडा हा घरातला कर्ता पुरुषच राहिला, आणि मुलं त्याच्या व्यसनाची झळ सोसणारी. मूल स्वतःच व्यसनात सापडेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अमेरिकेत ही वेळ आधी आली. जून १९७१मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. त्याच वर्षी ‘गो आस्क अ‍ॅलिस’ हे पुस्तक निघालं, एका निनावी मुलीची खरीखुरी डायरी म्हणून. पार्टीत कुणीतरी तिला न सांगता शीतपेयातून एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ देतं, तिथून ती घसरत जाते आणि शेवटी मरते. पुस्तक तुफान खपलं. पुढे त्यामागे बिअ‍ॅट्रिस स्पार्क्स या लेखिकेचा हात असल्याचं समोर आलं आणि ‘खरी डायरी’ हा दावा टिकला नाही. मला यातलं नुकसान मोठं वाटतं. एका घोटात सर्वनाश, असं वाचलेल्या मुलाला शेजारच्या बाकावरचा मित्र नशा करूनही धडधाकट दिसतो. मग पुस्तक खोटं ठरतं, आणि त्यातला खरा धोकाही त्याला खोटा वाटायला लागतो.

दोनच वर्षांनी, १९७३मध्ये, अ‍ॅलिस चिल्ड्रेस या कृष्णवर्णीय लेखिकेने वेगळी वाट धरली. ‘अ हीरो एन्ट नथिंग बट अ सँडविच’मधला बेंजी तेरा वर्षांचा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतला, हेरॉइन टोचून घेणारा. पण गोष्ट तो एकटा सांगत नाही. त्याची आई बोलते, आईचा जोडीदार बटलर बोलतो, शिक्षक बोलतात, माल विकणारासुद्धा बोलतो. प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, आणि या सगळ्यांच्या मधे पोर हरवत जातं. शेवटी बटलर उपचार केंद्राबाहेर उभा राहून बेंजीची वाट बघतो. बेंजी येतो की नाही, ते चिल्ड्रेस सांगत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळा मंडळाने हे आणि ‘गो आस्क अ‍ॅलिस’ ही दोन्ही पुस्तकं ग्रंथालयातून काढली, विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूने लागला.

ब्रिटनमध्ये १९९६ साली मेल्विन बर्जेस यांची ‘जंक’ आली. ब्रिस्टलमध्ये पळून आलेली टार आणि जेम्मा ही चौदा वर्षांची जोडी. टार मारकुट्या बापापासून पळालेला, जेम्मा घरच्या धाकाला कंटाळलेली. सुरुवातीला हेरॉइन त्यांना आवडतं, आणि बर्जेस ते लपवत नाहीत. ‘मनात आणलं की सोडीन’ असं पात्र म्हणतं तेव्हा त्याची फसगत वाचणाऱ्याला दिसते, त्याला स्वतःला दिसत नाही. पुस्तकाला कार्नेगी पदक हा ब्रिटनमधला बालकुमार साहित्याचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि गदारोळही झाला. २००४मध्ये एलन हॉपकिन्स यांनी ‘क्रँक’ मुक्तछंदात लिहिली. मुळाशी स्वतःच्या मुलीचं मेथचं, म्हणजे मेथअ‍ॅम्फेटामाइन या अमली पदार्थाचं, व्यसन, तरी निवेदन मुलीच्या तोंडी. आईने लेकीच्या आत शिरून लिहिणं किती अवघड गेलं असेल!

आपल्याकडे १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, पसरली आणि तिला ‘गर्द’ हे नाव पडलं. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण उभं राहिलं. लेखनातून थेट व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिल्याचं असं उदाहरण विरळाच. पण ते वार्तांकन होतं. ‘किशोर’ मासिक १९७१पासून चालू आहे, कुमारांसाठी साहसकथा आणि विज्ञानकथाही भरपूर आहेत. नशा करणाऱ्या पोराने ‘मी’ म्हणून सांगितलेली कादंबरी मात्र मी त्या शिक्षकांच्या हातात ठेवू शकलो नाही.

सोलापुरात ती कुणी लिहायला घेतली, तर मला चिल्ड्रेसची रीत जवळची वाटते. विड्या वळता वळता तेलुगूत बोलणारी आई, यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप, गैरहजेरी मांडणाऱ्या वर्गशिक्षिका, मावा घोटणारा टपरीवाला. आणि या सगळ्यांच्या मधे, शाळेच्या मराठीत, ते पोर.