बोट बंद पडली, पण नेमकी कधी?

पाझर तलावाच्या मधोमध बोट थांबली की काठावरचा प्रत्येक जण सल्ला देतो: सुई थोडी उघड. दुसरा म्हणतो, थोडी बंद कर. नायट्रो इंजिनावर, म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या छोट्या इंजिनावर, पळणाऱ्या रेडिओ कंट्रोल बोटीत कार्ब्युरेटरची सुई, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, वरच असते आणि बोटांनी फिरते, म्हणून सगळा दोष तिच्या माथी येतो. माझं मत उलटं आहे. सुईला शेवटी हात लावावा. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं: इंजिन नेमकं कधी बंद पडलं?

आधी जागेबद्दल दोन शब्द. जायकवाडीचा नाथसागर ऐसपैस आहे, पण ते पक्षी अभयारण्य आहे; ही कर्कश इंजिनं तिथे नेऊच नयेत. शेततळं घराजवळ असतं, पण साधारण ३० बाय ३० मीटरचं. ताशी ६० किलोमीटरने धावणारी बोट ३० मीटर अंतर दोन सेकंदांच्या आत संपवते, मग पूर्ण वेगावरचं इंजिन तपासणार कधी? शिवाय तळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बंद पडलेली बोट आणायला तळ्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीपलीकडे फेकायचा आणि सावकाश ओढायचं. उरतात ते पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर असे कितीतरी तलाव मराठवाड्यात बांधले गेले. त्यांत बोटीपुरतं पाणी असतं ते पावसाळा सरल्यापासून फार तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. या हंगामाचा आणि सुईचा थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपात टू-स्ट्रोक इंजिन असतं, तसं हेही टू-स्ट्रोकच. नेहमीचा आकार साडेतीन सीसी, पण फेरे मिनिटाला वीस हजारांच्या पुढे. मोठा फरक पेटण्यात आहे. फवारणी पंपात प्लगची ठिणगी पडते, इथे ठिणगीच नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार गुंडाळलेली असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टच्या सेलने तापवून लाल करायचं, इंजिन चालू लागलं की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर तार आपोआप तापलेली राहते, कारण प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निघते. तापलेली प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात ज्योतीशिवाय तापत राहते, हे हम्फ्री डेव्हीने १८१७ मध्येच दाखवलं होतं. मॉडेल इंजिनासाठी असा प्लग अमेरिकेत रे आर्डेनने बाजारात आणला तो १९४७ मध्ये.

म्हणून पहिला प्रकार: सेल लावला की इंजिन चालतं, काढला की बंद. इथे गुन्हेगार बहुतेक वेळा प्लगच असतो. प्लग खोलून सेल लावावा. सगळी तार एकसारखी झगझगीत नारिंगी दिसली पाहिजे. अर्धीच लाल झाली किंवा मंद दिसली तर आधी सेल बदलून पाहावा, मग प्लग. तार ठणठणीत असूनही इंजिन बंद पडत असेल, तर मंद वेगावर इंधन जास्त येतंय आणि ते ओलं इंधन तार थंड करतंय.

फवारणी पंप दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री पोरांना काही करू देण्याआधी म्हणायचे, “कशाला फिरवायलास सुई? प्लग काढून दाखव आधी.” त्यांचं खरं आहे. तार ओली आणि चकचकीत असेल तर मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. तार करडी, निस्तेज, पृष्ठभाग खरखरीत झालेला असेल तर लीन, म्हणजे इंधन कमी. तार वेडीवाकडी झाली किंवा तुटली असेल तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे: मिश्रण वेळेआधीच पेटतंय. अशा वेळी हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाखाली, एखादा पातळ शिम (धातूची चकती) वाढवून दाब कमी करावा लागतो.

रिच इंजिन धूर काढतं, सुस्त चालतं, पण खराब होत नाही. लीन इंजिन मात्र फसवं. ते काही क्षण मस्त पळतं, आवाज चढतो, आणि मग खाडकन बंद. या इंजिनात पिस्टनचं वंगण इंधनातूनच येतं, एरंडेल किंवा सिंथेटिक तेलाच्या रूपात. इंधन कमी म्हणजे तेलही कमी. लीन चालवलेलं इंजिन एकाच वेळी तापतं आणि कोरडं पडतं.

आता हंगामाकडे येऊ. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांना सुई अगदी जमवून ठेवली आणि डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना तीच बोट पाण्यात सोडली, तर हवा तेवढ्यात ८ टक्क्यांहून जास्त दाट झालेली असते. दाट हवेत ऑक्सिजन जास्त. हवेबरोबर कार्ब्युरेटरमधली ओढ वाढते, त्यामुळे थोडं इंधनही जास्त येतं, पण ते पुरत नाही. त्यात थंडीने इंधनातलं तेल घट्ट होतं आणि सुईच्या फटीतून कमी वाहतं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला नेतात: लीन. आपल्याला वाटतं, इंजिन उन्हाळ्यात जळेल. खरा धोका परभणीच्या थंडीत आहे. सकाळी सुई थोडी उघडून सुरुवात करावी आणि ऊन चढेल तशी बंद करत न्यावी. उलट, किनारपट्टीवर जमवलेलं इंजिन छत्रपती संभाजीनगरला आणलं, तर साडेपाचशे मीटरच्या उंचीवर हवा विरळ असल्याने ते रिच चालतं.

इंधनाची बाटली बदलली तरी असंच होतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. त्यामुळे १६ टक्के नायट्रोवरून ३० टक्क्यांवर गेलात आणि सुई तीच ठेवलीत, तर इंजिन लीन होणारच. मिथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या बाटलीतलं इंधन वापरायचं आणि इंजिनाला नावं ठेवायची, हा आवडता उद्योग आहे. शिवाय ते विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हात भाजल्यावरच कळतं.

थ्रॉटल दाबताच इंजिन गुदमरलं तर मंद वेगाची दुसरी सुई पाहावी. इंजिन मंद चालू असताना इंधनाची नळी चिमटीत धरायची. लगेच बंद पडलं तर लीन. फेरे बरेच वाढून मग बंद पडलं तर रिच. तीन-चार सेकंदांत फेरे किंचित वाढून बंद पडणं बरं.

पूर्ण वेगात काही सेकंद पळून बंद पडणाऱ्या बोटीत मी आधी टाकी पाहतो. इंधन टाकीतून वर ढकललं जातं ते सायलेन्सरकडून आलेल्या नळीतल्या दाबाने. या नळीला केसाएवढी चीर गेली तरी दाब पडतो, इंधन कमी पडतं. टाकी थेट बोटीच्या तळाला टेकलेली असेल तर इंजिनाच्या थरथरीने इंधनाला फेस येतो आणि नळीतून बुडबुडे जायला लागतात. पारदर्शक नळी वापरली की ते डोळ्यांना दिसतात. टाकीखाली स्पंजचा तुकडा ठेवावा, एवढंच औषध.

वळणावरच बंद पडत असेल तर? वळताना इंधन टाकीच्या बाहेरच्या कडेला चढतं आणि आतल्या नळीचं तोंड उघडं पडतं. टाकी अर्धी रिकामी झाल्यावरच हे होत असेल तर शंकाच नको. थ्रॉटल कमी करूनही फेरे लवकर उतरत नसतील, भरकटत असतील, तर कार्ब्युरेटरच्या बुडातून किंवा मागच्या झाकणातून हवा शिरते आहे. सांध्यावर साबणाच्या फेसाचा बोळा फिरवला की बुडबुडे चोराचा पत्ता देतात.

पाण्याने इंजिन थंड करण्याची सोय बोटीतच असते, रेडिओ कंट्रोल गाडीत नाही. सुकाणूपाशी, पंख्याच्या मागे एक बारीक तोंड असतं. बोटीच्या वेगानेच त्यातून पाणी चढतं आणि हेडभोवती फिरून बाजूने बाहेर पडतं. म्हणून स्टँडवर बोट धरून थ्रॉटल पूर्ण उघडू नये, तिथे पाणी चढतच नाही. तलावातलं शेवाळ आणि गाळ हे तोंड हमखास बुजवतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतली तर आत पांढरा थर बसतो. बाजूची धार दिसते का, हे प्रत्येक फेरीला पाहावं. आणि हेड हाताला गार लागतंय म्हणून इंजिन ठीक आहे असं समजू नये. गार पाणी हेडला थंड ठेवतं, लीन मिश्रणाने तापणाऱ्या पिस्टनच्या माथ्याला नाही.

बोट उलटली आणि पाणी आत गेलं तर स्टार्टर लावू नका. पाणी दबत नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, बोट पालथी करून फ्लायव्हील हाताने फिरवावं, सगळं पाणी बाहेर पडू द्यावं, मग थोडं इंधन घालून लगेच चालवावं, नाहीतर बेअरिंग गंजतात. घरी आल्यावर टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन इंजिनात जाळून टाकायचं आणि आत गंजरोधक तेलाचे थेंब सोडायचे. या इंजिनांची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं, वरच्या टोकाला मुद्दाम निमुळती असते. थंड झाल्यावर पिस्टन तिथे घट्ट अडकतो. ठेवण्यापूर्वी फ्लायव्हील फिरवून तो खाली आणून ठेवावा.