साठ सेंटिमीटरचा उंचवटा आणि सतरा मीटरचे वर्तुळ

गेल्या ग्रामसभेत पाणी, कचरा, पथदिवे हे नेहमीचे विषय अर्ध्या तासात उरकले आणि पुढचा दीड तास एकाच विषयावर गेला: स्पीड ब्रेकर. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरला आहे. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला शाळा. मधून टिप्पर जातात आणि शनिवार-रविवारी काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या भाड्याच्या गाड्या. निम्मी सभा म्हणत होती, आहे तो स्पीड ब्रेकर अजून उंच करा आणि आणखी दोन घाला. उरलेली निम्मी म्हणत होती, आहे तोही उखडून टाका, लोकांच्या कमरा गेल्या. शेवटी एक काका माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही पोरांना विज्ञान शिकवता ना? मग तुम्हीच सांगा."

मी एक आठवडा मागून घेतला. त्यामागे माझेही एक दुखणे होते. दोन पावसाळ्यांमागे संध्याकाळच्या वेळी आईला स्कूटरवर मागे बसवून येत होते. रंग न मारलेला असाच एक उंचवटा ओल्या डांबरावर मला दिसला नाही. आई पडली नाही, जागच्या जागी फक्त उचलली गेली आणि परत सीटवर आदळली. मणक्याला चीर गेली. तीन महिने ती पट्टा बांधून होती. माझा वेग तेव्हा तीसच्या आत होता.

आधी वेग कमी करायचा कशासाठी, ते पाहू. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववीत शिकवतो. ते अंगाला जाणवेल अशा भाषेत सांगायचे तर ताशी ३० किलोमीटरचा वेग म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडून जमिनीवर पोचतानाचा वेग. कौलारू घराच्या पागोळीवरून पडावे तसा. ताशी ५० ला हीच उंची जवळजवळ दहा मीटर होते, म्हणजे तिसऱ्या मजल्याची गच्ची. वेग दुपटीलाही पोचला नाही आणि उंची मात्र पावणेतीन पट झाली. शाळेसमोर गाड्या तिसाच्या आत हव्यात, हा हट्ट एवढ्यासाठी. त्याबद्दल सभेत कुणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो उंचवट्याचा, म्हणून सातवी-आठवीची पाच पोरे घेऊन मी तो मोजायला गेले.

एक ताठ फळी उंचवट्याच्या माथ्यावर आडवी धरली आणि दोन्ही टोकांपासून रस्त्यापर्यंतचे अंतर पट्टीने घेतले. उंची १० सेंटिमीटर. पायाची रुंदी, म्हणजे चाकाला पार करावी लागणारी लांबी, ६० सेंटिमीटर. हे चालू असताना पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. सायकलला मागे पावाची टोपली, वर निळे प्लास्टिक. उंचवट्याच्या चार हात आधी तो उतरला, एका हाताने टोपली धरून सायकल अलीकडून पलीकडे ढकलली आणि पुन्हा चढला. रोज असेच करतो म्हणाला, नाहीतर पाव रस्त्यावर. तो जातो न जातो तोच एक मोठी भाड्याची गाडी आली. ब्रेक नाही की काही नाही. धप्प असा एकच आवाज झाला, चाके खाली-वर झालेली दिसली, आणि गाडी तशीच पुढे गेली. आतल्या माणसांची डोकी फारशी हललीही नाहीत.

पोरांनी लगेच विचारले, हे उलटे कसे? सावकाश जाणाऱ्याला त्रास आणि जोरात जाणाऱ्याला काहीच नाही?

याचे उत्तर घरच्या घरी करून बघता येते. किलोभर तांदळाची पिशवी जाड इलॅस्टिकला टांगा आणि इलॅस्टिकचे वरचे टोक हातात धरा. हात सावकाश वर-खाली केलात तर पिशवी हाताबरोबर वर-खाली होते. थोडा वेग वाढवा. एका ठरावीक लयीला पिशवी अशी उसळू लागते की हातातून निसटेल. ती तिची स्वाभाविक लय, झोपाळ्याला असते तशीच. आता हात खूप भराभर हलवा. हात थरथरतो, इलॅस्टिक ताणते-सैल होते, पिशवी मात्र जवळजवळ जागेवर उभी राहते.

हात म्हणजे चाक, इलॅस्टिक म्हणजे स्प्रिंग आणि पिशवी म्हणजे गाडीचे धूड व आतली माणसे. मोटारीचे धूड आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण सव्वा ते दीड वेळा डुलते, म्हणजे एका झोक्याला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ६० सेंटिमीटरचा उंचवटा ताशी १० किलोमीटरने ओलांडताना चाक त्यावर ०.२२ सेकंद असते. तेवढ्या वेळात धूड वर उचलले जायला लागते आणि माणसाला हिसका बसतो. तोच उंचवटा ताशी ६० ने ओलांडला तर चाक त्यावर फक्त ०.०३६ सेकंद राहते. धुडाला हलायची फुरसतच मिळत नाही. चाक वर जाते, स्प्रिंग दबते, चाक खाली येते, वर बसलेल्याला फक्त आवाज ऐकू येतो. टायर, रिम आणि शॉकअबसॉर्बर यांच्यावर घणाचा घाव पडतो खरा, पण गाडी भाड्याची असेल तर त्याची फिकीर कोण करतो? आखूड उंचवटा मऊ स्प्रिंगांच्या गाडीला जोरात जायला शिकवतो. तो उंच केला तर जोरात जाणाऱ्याच्या टायरवरचा घाव वाढेल, सावकाश जाणाऱ्याच्या कमरेवरचाही वाढेल, आणि उलटा न्याय तसाच राहील.

आता पोदेराची बाजू. त्याच्या सायकलला स्प्रिंग नाही, त्यामुळे तिथे निव्वळ भूमिती चालते. इथे थोडे गणित येईल, पण दहावीच्या पलीकडचे नाही. उंचवट्याचा माथा हा एका वर्तुळाचा कंस समजा. वर्तुळात दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा एकीच्या दोन तुकड्यांचा गुणाकार दुसरीच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो. आपली आडवी जीवा ६० सेंटिमीटर, तिचे तुकडे ३० आणि ३०. उभी जीवा म्हणजे व्यास, तिचा वरचा तुकडा १० सेंटिमीटर. ३० गुणिले ३० म्हणजे ९००, भागिले १० म्हणजे ९०. व्यास ९० अधिक १०, अर्थात १०० सेंटिमीटर. त्रिज्या निघाली अर्धा मीटर.

वर्तुळाकार माथ्यावरून जाताना चाकाला खाली वळावे लागते आणि त्यासाठी v²/R एवढे त्वरण लागते (v म्हणजे वेग, R म्हणजे त्रिज्या). ते देणारे फक्त गुरुत्वाकर्षण असते. v²/R हे g पेक्षा, म्हणजे गुरुत्वीय त्वरणापेक्षा, मोठे झाले की चाक रस्ता सोडून हवेत जाते. त्रिज्या अर्ध्या मीटरची असेल तर, चाकाच्या स्वतःच्या गोलाईचा फायदा जमेस धरला तरी, ही वेळ ताशी १० किलोमीटरच्या आसपास येते. पोदेर उतरून सायकल ढकलतो तेव्हा तो हे समीकरणच सोडवत असतो. शिवाय या कंसाचा सुरुवातीचा चढ ३७ अंशांचा भरतो. गच्चीच्या जिन्याचा असतो तसा. स्कूटरचे छोटे चाक त्यावर चढत नाही, धडकते.

याच सूत्रात दुसरा आकार घालून बघा. उंची तीच, १० सेंटिमीटर, पण लांबी ३.७ मीटर. १८५ गुणिले १८५ भागिले १०, त्यात १० मिळवले की व्यास निघतो ३४ मीटरांच्या थोडा वर. त्रिज्या १७ मीटर. सुरुवातीचा चढ फक्त ६ अंश. ताशी २५ ने गेलात तर माथ्यावर g च्या तीन दशांशाहून कमी त्वरण, म्हणजे पाळण्यात बसल्यासारखे पोटात हलके वाटेल एवढेच. ताशी ४० ला ते g च्या पाऊणपट होते. ताशी ४६ च्या पुढे बिनस्प्रिंगचे चाक हवेत. मोटारीच्या बाबतीत स्प्रिंगांमुळे हे आकडे बदलतात, पण कल तोच राहतो. ३.७ मीटर पार करायला ताशी २५ ला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. पिशवीच्या प्रयोगात सांगायचे तर हात आता सावकाश, पिशवीच्या लयीजवळ हलतो आहे. एवढा लांब धक्का स्प्रिंगला गिळता येत नाही, धूड उचलले जातेच. म्हणून या उंचवट्यावर सावकाश जाणारा सुखात असतो आणि जोरात जाणारा स्वतःच्या अंगावर शिक्षा घेतो. आपल्याला हवे होते ते हेच.

हे ३.७ मीटर मी मनाने घेतलेले नाहीत. रस्त्यावर मुद्दाम उंचवटा घालण्याचा शास्त्रीय विचार सुरुवातीच्या काळात करणाऱ्यांत आर्थर कॉम्प्टन होते. क्ष-किरणांच्या कॉम्प्टन परिणामासाठी ज्यांना १९२७ चे नोबेल मिळाले, तेच. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे ते प्रमुख असताना आवारातून भरधाव जाणाऱ्या गाड्यांना आळा घालण्यासाठी १९५३ मध्ये त्यांनी असे उंचवटे आखले. ३.७ मीटर हा आकडा ब्रिटनचा. तिथल्या परिवहन व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या लांबीच्या उंचवट्यांवरून वाहने नेऊन पाहिली आणि १९७३ मध्ये १२ फूट लांब, ४ इंच उंच हा आकार सुचवला. भारतात रस्ते अभियंत्यांची इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून आहे. तिने १९८८ च्या मार्गदर्शिकेत हाच आकार घेतला: लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, त्रिज्या १७ मीटर, ओलांडण्याचा वेग ताशी २५. काळे-पांढरे पट्टे रंगवावेत आणि ४० मीटर आधी फलक लावावा, हेही तिथे आहे. आमच्या वाड्यावरचा उंचवटा लांबीने याच्या एक षष्ठांश आहे. त्यावर रंग नाही, आधी फलक नाही.

आईचे काय झाले तेही आता उलगडते. स्कूटरच्या दोन चाकांत सव्वा-दीड मीटर अंतर असते. आखूड उंचवट्यावर एका वेळी एकच चाक चढते. चालक दोन चाकांच्या मध्ये बसतो, त्यामुळे त्याला पूर्ण उचल मिळत नाही. शिवाय त्याचे हात हँडलवर असतात आणि धक्का दिसला की तो पाय आवळतो. मागे बसलेला माणूस थेट मागच्या चाकावर असतो, त्याला पुढचे दिसत नाही, आणि आईसारखी बाई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली असते. ३.७ मीटरच्या उंचवट्यावर दोन्ही चाके एकदम मावतात. स्कूटर सबंध वर जाते आणि सबंध खाली येते.

एकच गतिरोधक घालून भागत नाही, हे मात्र आठवड्यानंतरच्या सभेत मला मान्य करावे लागले. ताशी १५ वरून ४५ वर जायला स्कूटरला जेमतेम ५० मीटर लागतात. म्हणजे शाळेपासून हाकेच्या अंतरावर वेग पुन्हा जागच्या जागी. एकामागून एक दहा घातले तर १०८ ची रुग्णवाहिका प्रत्येकापाशी तीन-चार सेकंद गमावेल आणि आतला रुग्ण दहा वेळा उचलला जाईल. माझे मत असे की शाळेच्या फाटकासमोर सपाट माथ्याची, रस्त्याहून उंच केलेली पादचारी पट्टी असावी आणि दोन्ही बाजूंना एकेक गोल माथ्याचा, ३.७ मीटरचा गतिरोधक. बस्स. आणि गटारासाठी कडेला जागा सोडावी. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो त्या गोव्यात उंचवट्याने अडवलेले पाणी एका चवथीआधीच डांबर उकरून काढते, आणि मग गतिरोधकाच्या पायथ्याशी खड्डाही तयार.

सभेत दोन गोष्टी आणखी निघाल्या. एका तरुणाने मोबाईलवर वीज निर्माण करणारा स्पीड ब्रेकर दाखवला. एक टनाची गाडी १० सेंटिमीटर उचलायला सुमारे ९८० जूल लागतात. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख जूल. काहीही वाया न जाता, साडेतीन हजारांहून अधिक गाड्या गेल्यावर एक युनिट. आणि ती ऊर्जाही त्या गाड्यांच्या पेट्रोलमधूनच येणार. अशा यंत्रावर पंचायतीचा एक रुपयाही जाऊ नये.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड होती. देवळापुढच्या वळणावर वर्षानुवर्षे गाड्या घसरतात. जागा वाईट आहे, गावाची राखण करणारा देव, राखणदार, कोपला आहे, असे म्हणून तिथे लोक नारळ ठेवतात. राखणदाराला मानणारी माणसे माझ्याच घरात आहेत. पण त्या वळणावर कुंपणाच्या वाढलेल्या मेंदीने समोरचे दिसत नाही आणि पहिल्या पावसात वरच्या भरड जमिनीवरची तांबडी माती वाहून डांबरावर बसते. मेंदी छाटली आणि माती काढली तर गाड्या घसरायच्या थांबतील, हे मी सभेत उभे राहून सांगितले. तीन माणसे मान डोलावून गेली, एक बाई माझ्याशी अजून बोलत नाहीत.

रस्त्यावर काम करायचे तर खात्याची परवानगी लागते. तसे पत्र सरपंचांनी पाठवले आहे. तोवर गवंड्याला आकार कळावा म्हणून पोरांनी मोजमाप काढून दिले: मध्यावर १० सेंटिमीटर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९.३, एका मीटरवर ७.१, दीड मीटरवर ३.४ आणि १.८५ मीटरवर शून्य. वाड्यावरच्या सुताराने दोन प्लाय जोडून या आकड्यांवर फर्मा कापला आहे. तो सध्या देवळाच्या मंडपात भिंतीला टेकून उभा आहे, आणि येणारा-जाणारा त्याच्यावरून हात फिरवून म्हणतो, एवढा सपाट?