घाटात बंद पडणारी गाडी आणि क्रँक सेन्सर

आंबा घाट चढताना किंवा फोंडा घाटात गाडी अचानक बंद पडली की कोणीतरी म्हणतंच, ती जागाच तशी आहे, नारळ द्या. नारळ देईपर्यंत अर्धा तास जातो, तेवढ्यात इंजिन गार होतं, गाडी सुरू होते आणि सगळ्यांची खात्री पटते. श्रद्धेला माझी ना नाही, पण बिघाड तसाच राहिला तर पुढच्या वळणावर गाडी परत बंद पडेल आणि मागून भरलेला ट्रक येत असेल, म्हणून हे लिहितोय. गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू, असं असेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्या, काही मेकॅनिक त्यालाच आरपीएम सेन्सर म्हणतात.

क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याबरोबर, एक दातेरी चक्र फिरतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर 60 दातांची जागा असते पण 2 दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे प्रत्येक दात 6 अंशांचा आणि ती मोकळी जागा आली की ईसीयूला (इंधन आणि स्पार्क कधी द्यायचा ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) कळतं की पिस्टन नेमका कुठे आहे. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते, बस. लोखंडी दात जवळ आला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र वाढतं, लांब गेला की कमी होतं, आणि हे बदलत राहतं म्हणून कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं तेच हे. बाहेरून करंट द्यावाच लागत नाही! आणि मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे दात येताना व्होल्टेज एका दिशेचं, जाताना उलट्या दिशेचं, आणि दात बरोब्बर समोर असताना शून्य. ईसीयू हा शून्याचा क्षण पकडतो. म्हणून रिपेअर करताना दोन वायरी उलटसुलट जोडल्या तर तो दाताच्या मध्याऐवजी खाचेचा मध्य पकडतो आणि टायमिंग चुकतं, सेन्सर अगदी नवाकोरा असला तरी.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. कनेक्टर काढा, सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम बघा, बहुतेक गाड्यांत 500 ते 1500 च्या मधे येतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मग हेच माप इंजिन गरम असताना घ्या. तांब्याचा रोध तापमानाने वाढतोच, 25 अंशाला 900 असेल तर 100 अंशाला साधारण 1160 होणं नॉर्मल आहे, पण मीटर एकदम अनंत दाखवायला लागला तर आतली तार तापून तुटतेय, सेन्सर गेला. नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, अर्धा-एक व्होल्ट तरी दिसायला हवा. तीन वायरींचा सेन्सर असेल तर तो हॉल प्रकारचा, म्हणजे बाहेरून सप्लाय लागणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर, असू शकतो, त्याला ओहम लावू नका, त्याचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघा.

आता स्कॅनरवर पी0335 हा क्रँक सेन्सरच्या सर्किटमधल्या दोषाचा कोड आला की लगेच सेन्सर बदलायची जी पद्धत पडलीय ती मला पटत नाही, कारण कोड सेन्सरचं नाव घेत असला तरी दोष त्याच्या सर्किटमध्ये कुठेही असू शकतो. आपल्याकडे कोकणात खारी हवा, वर चार महिने पाऊस, त्यामुळे कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट थर दिसतो, शिवाय घराशेजारी उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. बॅटरी काढून सेन्सरचा आणि ईसीयूचा दोन्ही प्लग काढा, प्रत्येक वायरीचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोध 1 ओहमच्या आत हवा, आणि वायर ते बॉडी काहीच जोडणी दिसता कामा नये. मीटर लावलेला असतानाच वायरिंग हाताने हलवून बघा, विशेषतः इंजिनजवळच्या वाकणावर, कारण स्थिर वायर शंभर टक्के बरोबर दाखवते आणि खड्ड्यात तुटते. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून रबरी सील नीट बसवा, फाटलं असेल तर बदला.