अत्यवस्थ बालकांतील प्रतिजैविकांची मात्रा : ग्रामीण विदर्भ

बालकाला द्यावयाची प्रतिजैविकाची मात्रा सामान्यतः दर किलो वजनामागे ठरते. बालक अत्यवस्थ झाले, की औषध शरीरात पसरण्याची आणि बाहेर पडण्याची रीत बदलते व पुस्तकातली मात्रा कधी अपुरी, कधी जास्त पडते. औषधाची निवड हा वेगळा विषय असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे साऱ्या शरीरावर होणाऱ्या गंभीर परिणामात) केशवाहिन्या झिरपू लागतात, त्यात सलाईनची भर पडते. पेनिसिलिने, सेफॅलोस्पोरिने, जेंटामायसिन, व्हँकोमायसिन ही पाण्यात विरघळणारी औषधे या वाढीव पाण्यात पसरून विरळ होतात. म्हणून मूत्रपिंड बिघडलेले असले, तरी पहिली मात्रा सहसा पूर्ण देतात. कपात किंवा अंतरवाढ होते ती पुढच्या मात्रांत. नवजाताच्या वजनात सुमारे ७५ टक्के पाणीच असल्याने हा परिणाम त्याच्यात ठळक असतो. विदर्भात पावसाळ्यात व त्यानंतर आढळणाऱ्या स्क्रब टायफस या तापावरचे डॉक्सिसायक्लिन मेदविद्राव्य (चरबीत विरघळणारे) असल्याने त्याला हे फारसे लागू नाही.

खरा वाद मूत्रपिंडांविषयी आहे. सेप्सिसच्या सुरुवातीला हृदयाचा रेटा वाढून काही रुग्णांची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जलद औषध बाहेर टाकतात. यासाठी ‘ऑगमेंटेड रीनल क्लिअरन्स’ ही संज्ञा साधारण २०१० च्या सुमारास रूढ झाली. प्रौढांत मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग मिनिटाला १३० मिलि. (१·७३ चौ. मी. शरीरपृष्ठासाठी) ही तिची सीमा मानतात. बालकांत काही अभ्यासक तीच घेतात, काही १६० धरतात, तर काही वयानुसार वेगळी ठरवतात. वर्षा-दोन वर्षांपर्यंत मूत्रपिंडे मुळातच अपरिपक्व असतात; हे पाहता वयानुसार सीमा अधिक सयुक्तिक दिसते.

सीमेपेक्षा या वेगाचे मोजमाप अधिक अडचणीचे आहे. २००९ च्या सुधारित श्वार्ट्‌झ सूत्रात उंचीला (सेंमी.) ०·४१३ ने गुणून रक्तातील क्रिॲटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणाने (मिग्रॅ. प्रति डेसिलिटर) भागतात. ९० सेंमी. उंचीच्या मुलाचे क्रिॲटिनिन ०·३ असेल, तर उत्तर १२४ येते. ०·२ असेल, तर १८६. एका दशांशाच्या फरकाने मूल १३० ची रेषा ओलांडते. शिवाय हे सूत्र दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांवर बेतलेले आहे. क्रिॲटिनिन स्नायूंतून येते. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या कुपोषित मुलाचे स्नायू झिजलेले असल्याने त्याचा आकडा कमी येतो आणि मूत्रपिंडे प्रत्यक्षाहून चांगली भासतात. काही तासांची लघवी जमवून केलेली मोजणी यापेक्षा भरवशाची. पण रडत्या मुलाची लघवी न सांडता जमवणे हे परिचारिकेलाच विचारावे.

पूर्व विदर्भात या गुंत्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर पडते. या आजाराच्या मुलांत लहानपणी मूत्रपिंडांचे गाळण्याचे प्रमाण खरोखरच वाढलेले असते, त्यामुळे औषध लवकर निघून जाऊ शकते. दुसरीकडे त्यांची मूत्रपिंडे क्रिॲटिनिन लघवीत जास्त सोडतात. रक्तपेशी फुटून वाढलेले बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तर याफे पद्धतीच्या (१८८६) तपासणीत क्रिॲटिनिनचा आकडा आणखी खाली दाखवते. दोन्ही कारणांनी अंदाज फुगतो. केवळ ‘सिकल आहे’ म्हणून मात्रा वाढवावी, असे मत त्यामुळे सरसकट स्वीकारता येत नाही.

वजनाचा मुद्दा साधा वाटतो, पण धावपळीत चूक तेथेच होते. वयावरून वजन काढण्याच्या जुन्या सूत्राने (वय अधिक ४, गुणिले २) चार वर्षांचे मूल १६ किलोचे ठरते. तीव्र कमी वजनाचे मूल त्या वयात ११ किलोच्या आसपास असते. दर किलोला ७·५ मिग्रॅ. या हिशेबाने जेंटामायसिन ८२ ऐवजी १२० मिग्रॅ. जाईल. सुजेच्या कुपोषणात उलट काट्यावरच पाण्याचे वजन भरते. अशा मुलांत रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिनही कमी असते. सेफ्ट्रायाक्झोनचा मोठा भाग एरवी अल्ब्युमिनला चिकटून राहतो. तो मोकळा होऊन लवकर बाहेर पडू शकतो.

जेंटामायसिनचा प्रभाव रक्तातील उच्च पातळीवर, तर पेनिसिलिन व तत्सम (बीटा-लॅक्टम) गटाचा पातळी टिकण्याच्या काळावर अवलंबून असतो. म्हणून पहिले दिवसातून एकदा देतात आणि दुसऱ्या गटातील मेरोपेनेम तीन-चार तास सावकाश सोडण्याची पद्धत आहे. त्यासाठी सिरिंज पंप आणि अखंड वीज लागते. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेल्यावर विरघळवलेले मेरोपेनेम वातानुकूलन नसलेल्या कक्षात लवकर निकामी होते, ही बाब परदेशी कोष्टकांत गृहीत धरलेली नसते.

गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत नवजातांना घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमोक्साझोल दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेप्सिसमधील मृत्यूचे प्रमाण १६·६ वरून २·८ टक्क्यांवर आले. हा दाखला सोप्या, ठरावीक मात्रेच्या बाजूने दिला जातो. मात्र तेथे उपचार घरच्या घरी सुरू झाले होते. अतिदक्षता कक्षात शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळलेल्या अवस्थेत) असलेल्या बालकाला तो तसाच लावता येत नाही.

डायलिसिस चालू असताना काही औषधे यंत्रातून निघून जातात व मात्रा नव्याने ठरवावी लागते. व्हँकोमायसिन व जेंटामायसिन यांची रक्तातील पातळी मोजता येते. ग्रामीण रुग्णालयांत ही सोय बहुधा नसते.