सालगडी (विदर्भ)

सालगडी : एका शेतमालकाकडे वर्षभराच्या बोलीवर राहून शेती, गुरे व गोठा सांभाळणारा शेतमजूर. विदर्भात त्याला सालदार, सालकरी किंवा नुसते ‘गडी’ म्हणतात. महिन्याच्या बोलीवर राहिला तर तो महिनदार, दिवसाच्या मजुरीवर असला तर रोजंदार. मराठवाडा व खानदेशातही ही पद्धत आढळते. प्रस्तुत नोंद विदर्भापुरती असून तीत सालगड्याच्या कायद्यातील स्थानाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

साल बहुतेक ठिकाणी गुढीपाडव्याला सुरू होते, काही भागांत अक्षय्य तृतीयेला. बोली तोंडी होते. उचल (आगाऊ रक्कम) किती, धान्य किती, कपडे व चपला कोणी घ्यायच्या आणि खाडे कसे धरायचे, एवढे त्या बैठकीत ठरते. खाडा म्हणजे गैरहजेरीचा दिवस. त्याचा पैसा कापतात किंवा साल संपल्यावर तेवढे दिवस भरून घेतात. नोंद असलीच तर मालकाच्या वहीत असते. वखरणी, डवरणी, फवारणी, रात्रीच्या विजेवरचे ओलित आणि रानडुकरांपासून पीक राखण्याची जागल ही सालगड्याची नेहमीची कामे. पोळ्याला बैलजोडी घरोघरी नेणाऱ्या गड्याला बोजारा मिळतो व मालकाकडून नवे कपडे येतात. अलीकडच्या वर्षांत सालाचा (वर्षाच्या मोबदल्याचा) आकडा अनेक गावांत लाखाच्या पुढे गेला आहे.

पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. एक मत असे, की गावगाड्यातील बलुतेदारीच्या जोडीने पाटील व मोठ्या कुणब्यांच्या वाड्यावर पिढीजात गडी असत आणि आजचा सालगडी हे त्याचेच रूप आहे. दुसऱ्या मतानुसार वर्षाची बोली, रोख उचल आणि खाड्यांचा हिशेब ही तिन्ही वैशिष्ट्ये पैशाच्या व्यवहाराशिवाय संभवत नाहीत; म्हणून पद्धतीची मुळे कापसाच्या तेजीत शोधली पाहिजेत. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. खामगाव, अमरावती, हिंगणघाट येथील बाजारांमुळे मोठ्या कास्तकाराला पेरणीपासून वेचणीपर्यंत हाताशी राहील असा माणूस लागू लागला. पहिल्या मताच्या बाजूने परंपरेचा दाखला आहे, पण वार्षिक कराराचा पुरावा त्यातून मिळत नाही. आजच्या रूपातील सालदारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे नेऊ नये, हेच अधिक सयुक्तिक दिसते.

मात्र हे विवेचन मुख्यतः वऱ्हाडाला लागू पडते. तेथे रयतवारी होती. जमीन कसणारा थेट सरकारला सारा भरी. नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा (आजचे चंद्रपूर) हा भोसल्यांचा मुलूख १८५४ मध्ये खालसा झाला, १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला आणि तेथे मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत, आली. मालगुजाराची स्वतःची ‘सीर’ जमीन नोकरांकडून कसली जाई आणि त्याला गावावर वेठबिगारीचा हक्क असल्यासारखे वर्तन सर्रास होते. धानपट्ट्यातील गड्याचा उगम म्हणूनच निराळा असण्याचा संभव आहे. दोन्ही भागांना एकच आरंभबिंदू शोधण्याचा अट्टहास बराच काळ झाला. त्याची गरज नसावी. मालगुजारी १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, संपुष्टात आली.

उगमाच्या वादापुढे एक बाब काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. सालगड्याच्या मोबदल्याचे आजचे रूप रूढीइतकेच कूळकायद्यानेही घडवले. वऱ्हाडात १९५१ चा शेतजमीन पट्टे विनियमन कायदा आला, पुढे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ विभाग) अधिनियम, १९५८ संपूर्ण विभागाला लागू झाला. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यामुळे पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा, मराठवाड्याचा हैदराबादी १९५० चा आणि विदर्भाचा १९५८ चा असे तीन कूळकायदे एकाच राज्यात नांदू लागले. विदर्भात कुळांकडे मालकी जाण्याचा पहिला टप्पा १ एप्रिल १९६१ हा होता. पश्चिम महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९५७ रोजीच येऊन गेला होता.

या कायद्यात ‘जातीने जमीन कसणे’ याची व्याख्या निर्णायक ठरली. स्वतःच्या वा कुटुंबाच्या श्रमाने कसणे तिच्यात येतेच. शिवाय मालकाच्या किंवा कुटुंबीयाच्या देखरेखीखाली मजूर वा नोकर लावून कसणेही येते. अट इतकीच, की मजुरी रोख किंवा वस्तुरूपात द्यावी, पिकाच्या हिश्श्यात नव्हे. पिकाच्या वाट्यावर जमीन कसणारा बटईवाला कूळ ठरू शकत होता, सालगडी ठरत नव्हता. परिणामी गड्याला पिकाचा वाटा देण्याच्या रीती आक्रसल्या. ठरीव रक्कम आणि ठरीव धान्य उरले. धान्य मापून दिले तर मजुरी, वाट्याने दिले तर कुळवहिवाट, हा भेद तलाठ्याच्या दप्तरात फार मोठा असतो आणि वावरात (शेतात) नसल्यासारखा. १९५० नंतर सालदारी टिकली यामागे मजुरांची गरज होतीच, पण जमीन जातीने कसत असल्याचे दाखवण्याची मालकांची गरजही तेवढीच होती, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. मक्त्याने वा ठोक्याने (ठरीव रकमेवर कसायला) दिलेली जमीन आजही बहुधा तोंडीच दिली जाते, यामागे हीच जुनी धास्ती आहे.

सालगडी वेठबिगार आहे काय, हा दुसरा मोठा प्रश्न. आणीबाणीतील वीस कलमी कार्यक्रमात वेठबिगारीचे निर्मूलन होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याचा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ झाला. कायद्याच्या व्याख्येत अग्रिम (म्हणजे उचल) किंवा कर्ज हा पहिला घटक आहे. त्याच्या बदल्यात मजुराने मजुरीशिवाय वा नाममात्र मजुरीवर राबणे, किंवा दुसरीकडे काम करण्याचे, हिंडण्याफिरण्याचे अथवा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावणे, यांपैकी काहीही घडले तरी ती वेठबिगारी ठरते. शासनाने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी ती नाममात्र मजुरी. उचल वेठबिगारीची नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ अन्वये उचल देणाऱ्यावर आहे.

या कसोटीवर सगळे सालगडी वेठबिगार ठरत नाहीत आणि सगळे सुटतही नाहीत. साल संपताच हिशेब करून दुसरा मालक धरणारा गडी व्याख्येबाहेर राहतो. खाडे वाढल्यामुळे उचल फिटत नाही, ती पुढच्या सालात ओढली जाते आणि ती फेडल्याशिवाय दुसऱ्या वावरात जाता येत नाही, अशी अवस्था झाली की तो व्याख्येच्या आत येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीचे श्रम, असा निर्णय दिला. बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात, मजूर सक्तीने राबवला जात असेल तर ते अग्रिमापोटीच आहे असे गृहीत धरावे, असे म्हटले. सालगड्याच्या दृष्टीने हे दोन्ही निर्णय १९७६ च्या कायद्याइतकेच महत्त्वाचे आहेत. कारवाईचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे आहेत आणि दक्षता समित्या जिल्हा व उपविभाग पातळीवर असाव्यात अशी तरतूद आहे. २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषास एक लाख रुपये आहेत, पण त्यासाठी मुक्तता प्रमाणपत्राचा टप्पा ओलांडावा लागतो.

किमान वेतनाचा कायदा १९४८ चा असला तरी महाराष्ट्रात शेतमजुरांसाठी दर ठरवण्याच्या कामाला गती आली ती १९७३ च्या सुमारास, वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर. दर परिमंडळनिहाय ठरू लागले. ही चौकट रोजंदाराला साजेशी होती. पहाटे गोठ्यात सुरू होऊन रात्री ओलिताच्या मोटारपंपावर संपणारा दिवस किती तासांचा धरायचा, धान्याची किंमत कोणत्या भावाने लावायची आणि अंगण-शेणाचे काम करणाऱ्या त्याच्या बायकोची मजुरी त्याच रकमेत कशी काय मावते, याची उत्तरे दरपत्रकात नसतात. शेवटच्या मुद्द्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. अनुसूचित रोजगारांची यादी गेली. वेतनाचा दावा करण्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षे झाली आणि वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आला. वहीच नसलेल्या व्यवहारात ही तरतूद गड्याला उपयोगी पडावी. पण संहितेतील कामगार हा ‘आस्थापने’त काम करणारा असतो, आणि आस्थापना म्हणजे उद्योग, व्यापार, धंदा, उत्पादन किंवा व्यवसाय चालतो ते ठिकाण. दहा एकरांचे वावर या व्याख्येत बसते, असाच अर्थ लावणे संहितेच्या हेतूला धरून आहे. १९७६ चा वेठबिगारीचा कायदा मात्र वेतन संहितेसह चारही कामगार संहितांबाहेर, स्वतंत्रच राहिला आहे.

अपघाताच्या बाबतीत सालगड्याचे स्थान अधिक कच्चे आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी मृतांच्या वारसांना खास बाब म्हणून दोन लाख रुपये जाहीर झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना सातबाराधारक शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. शेतकरी आत्महत्येनंतरची एक लाखाची मदतही जमीनधारक कुटुंबालाच मिळते. पंप पाठीवर गड्याच्या असतो, सातबारा मालकाच्या नावावर.

राजकारणात सालगडी स्वतंत्रपणे क्वचितच आला. रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये केलेले भूमिहीनांचे सत्याग्रह आणि पवनारच्या विनोबांची भूदान चळवळ जमिनीच्या मागणीभोवती होती. मजुरीच्या अटी त्यांत दुय्यम राहिल्या. शेतकरी संघटनेने कापसाच्या भावाचा प्रश्न पुढे आणला आणि मजुरी त्या भावावरच अवलंबून असल्याचे मांडले. ती मांडणी चूक नव्हे, पण भाव वाढला की साल किती वाढावे, हे ठरवणारी यंत्रणा तिच्यात नव्हती.

रोजगार हमी कायदा (१९७७, अंमल २६ जानेवारी १९७९) हा सालगड्याच्या बाजूने अप्रत्यक्षपणे उभा राहिलेला कायदा होय, कारण मालकाखेरीज काम देणारा दुसरा कोणी असला की बोलीचा सूर बदलतो. केंद्रीय रोजगार हमीच्या २००६ च्या पहिल्या टप्प्यात विदर्भातील अमरावती, यवतमाळ, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे होते. तथापि या कामांमुळे सालदारी किती घटली, हे ट्रॅक्टर, तणनाशके आणि बैलजोड्यांची घट यांच्या परिणामापासून वेगळे काढणे अवघड आहे.

संख्येविषयी निश्चित विधान करता येत नाही. १९५०–५१ च्या पहिल्या शेतमजूर चौकशीत बांधील व नैमित्तिक मजूर असे वर्ग केले होते. १९५६–५७ च्या दुसऱ्या चौकशीत व्याख्या बदलल्याने तुलना सदोष ठरते. जनगणनेत सालगडी व रोजंदार दोघेही ‘शेतमजूर’ या एकाच रकान्यात मोडतात. आज अनेक गावांत स्थानिक गडी मिळत नसल्याने मेळघाटातील कोरकू आदिवासी तसेच लगतच्या मध्य प्रदेशातील कुटुंबे सालावर येऊन वावरातच राहतात.