स्विंग नृत्य: मूळ हार्लेमचं, शैली गावोगावच्या

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर १९२६ साली सॅव्हॉय हे नाचघर सुरू झालं. त्याच भागातल्या कॉटन क्लबमध्ये मंचावर कृष्णवर्णीय कलाकार आणि समोर फक्त गोरे प्रेक्षक, असा रिवाज होता. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचत. बँडसाठी दोन मंच होते, त्यामुळे एक बँड थांबला की दुसरा लगेच सूर धरी. स्विंगच्या, म्हणजे जाझ संगीतावर जोडीनं करायच्या नाचाच्या, शैली पुढे कितीही झाल्या, तरी पहिलं श्रेय इथल्या कृष्णवर्णीय तरुणांचंच. ते ठसवून सांगायलाच हवं, कारण पुढच्या काळात त्यांची नावं फार सहज गाळली गेली.

चार्ल्सटन आणि ब्रेकअवे या नाचांतून इथं लिंडी हॉप घडला. त्याचा जीव आहे ‘स्विंगआउट’मध्ये. आठ मात्रांत जोडी जवळ येते, गिरकी घेते आणि एकच हात धरून लांब होते. त्या मोकळ्या जागेत दोघंही आपल्या मनाचं काहीतरी करून दाखवतात. १९३५ मध्ये सॅव्हॉयचे नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी आपली जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टनच्या पाठीला पाठ लावली आणि तिला आपल्या पाठीवरून उलटं पलीकडे उतरवलं. लिंडी हॉपमधल्या हवेतल्या करामती तिथून सुरू झाल्या.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआ भागात चित्र वेगळं होतं. तिथली नाचघरं इतकी खचाखच भरत की हातपाय पसरायला जागाच नसे. म्हणून जोडी छातीला छाती लावून उभी राहते आणि सगळी चलाखी पावलांत असते. नाचाचं नावही बाल्बोआच. कॅरोलिना शॅग हा नाच कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या गावांत वाढला. त्यात कमरेवरचं अंग जवळजवळ स्थिर. साउथ कॅरोलिनानं १९८४ मध्ये त्याला राज्यनृत्य केलं. कॅलिफोर्नियानं १९८८ मध्ये तोच मान वेस्ट कोस्ट स्विंगला दिला, जो एका सरळ पट्ट्यात नाचला जातो.

१९४४ मध्ये नाचाची सोय असलेल्या ठिकाणांवर ३० टक्के कर बसला, जाझची चालही बदलली. नाचघरं ओस पडू लागली आणि १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद झालं. मॅनिंग टपाल खात्यात नोकरी करू लागले. १९८० च्या दशकात स्वीडन आणि कॅलिफोर्नियातल्या तरुण नर्तकांनी त्यांना गाठलं, आणि २००९ मध्ये वारेपर्यंत ते जगभर शिकवत राहिले.

लिंडी हॉपच्या याच पुनरुज्जीवनात ‘सॅव्हॉय स्टाइल’ आणि ‘हॉलिवूड स्टाइल’ असे तट पडले. हॉलिवूडवाल्यांचे आदर्श म्हणजे नर्तक डीन कॉलिन्स. आणि त्यांनी लॉस एंजेलिसला जाण्याआधी लिंडीचे धडे घेतले होते ते सॅव्हॉयमध्येच.