लव्हेंडर (घरबागेतील लागवड)

लव्हेंडर : (कुल–लॅबिएटी). तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुलातील सुगंधी, बहुवर्षायू झुडूप. मूळस्थान भूमध्य सागराभोवतीचे कोरडे, खडकाळ, चुनखडीचे डोंगरउतार. तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, आणि या झाडाची निगा राखताना नेमके हेच लक्षात ठेवायचे असते.

घरबागेत सर्वाधिक लावली जाणारी जात म्हणजे लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया. तिला ‘इंग्लिश लव्हेंडर’ म्हणतात, पण ती इंग्लंडची नव्हे. तिथल्या बागांनी तिला इतके आपलेसे केले की नाव चिकटले. ‘हिडकोट’ हा गर्द जांभळा वाण तिथल्याच एका बागेच्या नावाने ओळखला जातो. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील छायाचित्रांत दिसणाऱ्या जांभळ्या रांगा मात्र बहुधा लॅव्हँडिन या संकराच्या असतात. हा संकर वांझ असल्याने त्याची रोपे फक्त छाट कलमानेच होतात. म्हणून ‘ग्रोसो’ या लॅव्हँडिन वाणाचे ‘बी’ कोणी विकत असेल, तर ते पाकीट घेऊ नये.

लव्हेंडर थंडीने सहसा मरत नाही. इंग्लिश जात उणे १० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसते. ते मरते ओल्या मुळांनी. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्या हाताला हे पटायला वेळ लागतो. मुळे कुजू लागली की शेंडे माना टाकतात, पाने करडी पडतात आणि झाड तहानलेले भासते. मग माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले झाड संपवतो. अशा वेळी आधी मातीत बोट खुपसून पाहावे. माती ओली असेल आणि उपटलेले मूळ काळे, मऊ निघाले, तर कारण सापडलेच.

जागा दिवसातून निदान सहा तास उन्हाची हवी. जमीन भुसभुशीत, हलकी, सामू (मातीची आम्लता-क्षारता, pH) साधारण ६.५ ते ७.५ किंवा किंचित अधिक. चिकण मातीत भरड वाळू, बारीक खडी भरपूर मिसळून उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावे. दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी. अंतर ठेवावे, म्हणजे मधून वारा खेळतो. कुंडी मातीची, बुडाला मोठे भोक असलेली. शेणखत हात आखडूनच द्यावे. खत जास्त झाले की झाड पानांनी माजते, फुले आणि वास दोन्ही कमी होतात. रोप जीव धरेपर्यंत नियमित पाणी, पुढे माती पुरती सुकल्यावरच.

छाटणीकडे दुर्लक्ष झाले की तीन-चार वर्षांत झुडपाचा मध्य उघडा, लाकडासारखा होतो. फुलोरा ओसरल्यावर दरवर्षी हिरव्या वाढीचा सुमारे एक तृतीयांश भाग कापावा. कात्री जिथवर पाने आहेत तिथवरच चालवावी. जून, पर्णहीन लाकडातून नवे धुमारे क्वचितच फुटतात. नव्या रोपांसाठी न फुललेल्या फांदीचे ८–१० सेंमी.चे तुकडे घेऊन, खालची पाने काढून, वाळूमिश्रित मातीत खोचतात. बी हा लांबचा रस्ता : आधी काही आठवडे थंडीत ठेवावे लागते आणि उगवण रेंगाळते.

काढणी कणसावरची पहिली काही फुले उमलताच, दव सुकल्यावर सकाळी करतात. सुगंधी तेल पाकळ्यांपेक्षा कळीच्या बाहेरच्या नळीवरील सूक्ष्म ग्रंथींत असते. त्यामुळे पाकळ्या गळाल्या तरी जुडी दरवळत राहते. जुड्या सावलीत, हवेशीर जागी उलट्या टांगून वाळवतात.

भारतात जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भदरवाह भागात लव्हेंडरची शेती होते. मका सोडून तिकडे वळलेल्या शेतकऱ्यांमुळे ‘जांभळी क्रांती’ हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात इंग्लिश जात पावसाळ्याशी झगडते आणि पुरेशा थंडीअभावी फुलतेही कमी. इथे दातेरी पानांची लॅव्हँड्युला डेंटाटा कुंडीत लावून जून ते सप्टेंबर वळचणीखाली, पण उजेडात ठेवणे अधिक शहाणपणाचे. सह्याद्रीत लव्हेंडरच्याच प्रजातीतील घोडेघुई (लॅव्हँड्युला बायपिनाटा) रानात आपोआप उगवते. तिची पाने पिसासारखी विभागलेली असतात. बाजारातल्या लव्हेंडर तेलाशी तिचा संबंध नाही.